एक्केचाळीस नंबरचं उरलेलं अर्धं

१

वार कापायला माझा हात बसलेला आहे. हे मीच सांगते, कारण आमच्या लॅबमध्ये दुसऱ्याचं कौतुक करायची पद्धत नाही. शेजारच्या प्रसूती रुग्णालयात बाळंतपण झालं की दोन तासांच्या आत निळा डबा आमच्याकडे येतो. आत बर्फ, बर्फावर पिशवी, पिशवीत ती. आधी मीठपाण्यात धुवायची. गुठळ्या अंगठ्याने दाबून काढायच्या. वरचा पातळ पापुद्रा सोलून बाजूला ठेवायचा. मग कात्री. पहिला काप कडेपासून मध्यापर्यंत, एका दमात. थबकलात तर मांस चुरगळतं. त्यानंतर आडवं कापून दोन अर्धी करायची आणि एका अर्ध्याचा खिमा. खिम्यातून पेशी मोकळ्या करून त्या सदतीस अंशांवर बाटल्यांत वाढवायच्या. पुढे त्यांचाच पातळ पडदा होतो आणि भाजलेल्या माणसाच्या उघड्या मांसावर बसतो. स्टोव्ह फुटून खांद्यापर्यंत सोलून निघालेला एक हात त्या पडद्याखाली भरून आलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे या कामाला कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या सुराबाया शहरात नाक मुरडणारे कमी, पण मागणारे बाप पुष्कळ. बाळामागून जन्मते म्हणून वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. बापाने ती स्वतःच्या हाताने धुवायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फुलं, मीठ, तांदूळ, सुई घालून मडक्यात ठेवायची, घराच्या दाराशी पुरायची आणि वर पस्तीस दिवस दिवा ठेवायचा. अशा बापांना आम्ही अर्धी परत देतो. तसं कागदावर लिहिलेलं असतं, ते सही करतात. पण कापलेली कड बघून बिचारे पांढरे पडतात, म्हणून मी ती कड आत दुमडून निळ्या धाग्याने तीन टाके घालते. वरून बघणाऱ्याला अख्खीच वाटते. तीन टाके ही माझी पद्धत. घाईचे असतात, पण सरळ.

एक्केचाळीस नंबरच्या बापाला काहीच परत नको होतं. तुकिरान नावाचा गवंडी होता. भाड्याच्या खोलीत राहतो, पुरणार कुठे, म्हणाला आणि सगळीच्या सगळी देऊन टाकली. त्या सकाळी मला नववा महिना संपून दोन दिवस झाले होते आणि तरी मी कामावर होते. एक्केचाळीसमध्ये कात्री मध्यापर्यंत गेली आणि माझं पाणी फुटलं.

२

आता जे सांगते ते मी तीन आठवडे आधीच ठरवलेलं होतं.

आमच्या सलग पाच पेशी-मालिका बुरशी लागून मेल्या होत्या. आमच्या लॅबप्रमुख डॉक्टर हार्तिनींनी स्पष्ट सांगितलं होतं की सहावी मेली तर प्रकल्प बंद. मला हवी होती एक निरोगी, ताजी, अख्खी वार. ती माझ्या पोटात होती. कुणाची चोरी नव्हती; माझं शरीर, माझी सही. फक्त माझा नवरा सेनो, ज्याला आमच्या रीतीने मानाने 'मास' म्हणतात, हो म्हणाला नसता. त्याने चार महिने आधीच मडकं आणून ठेवलं होतं. रोज पुसायचा.

म्हणून मी ओल्या कपड्यांनी लॅबच्या जमिनीवर बसले, मांडीवर ताटली घेतली, काप पुरा केला आणि दोन कळांच्या मध्ये एक्केचाळीसचं उरलेलं अर्धं शिवलं. तीन टाके. नाळ त्याच अर्ध्याला होती, तेवढं बरं होतं. मग माझी सहकारी यायुक हिला हाक मारली.

"माझी पडली की अख्खी इकडे आण. आणि सेनोला हे दे."

यायुक पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण, तोंडाने फाटकी. "मास सेनोला कळलं तर तुझ्याच पोटाचे तीन टाके उसवेल तो," ती म्हणाली आणि डबा उचलून गेली.

मुलगी झाली. लारास. संध्याकाळी सेनो रुग्णालयातल्या खोलीच्या मोरीत उकिडवा बसून ते अर्धं धूत होता, गुलाबाच्या पाकळ्या घातलेल्या पाण्यात. डोळे भरून आले होते त्याचे. इकडे तिकडे न बघता करायचं असतं, नाहीतर मूल तिरळं होतं म्हणतात, म्हणून मान खाली.

"वेनिंग, किती लहान आहे गं हे. अर्धंच वाटतंय."

"मुलगी अडीच किलोची, मास. तिचं भावंड काय म्हशीएवढं असणार?"

तो हसला. मला तेव्हा अपराधी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझी स्वतःची वार त्या क्षणी लॅबमध्ये बर्फावर होती आणि मला फक्त ती कोण कापणार याची काळजी लागली होती.

३

आमचं घर गल्लीत शेवटचं. मुलीचं भावंड दाराच्या डाव्या हाताला पुरतात. सेनोने तिथे खड्डा केला, मडकं ठेवलं, माती ओढली, वर टोपली उपडी घातली आणि आत पाच वॉटचा पिवळा बल्ब लावला. दिवस मावळायची बांग झाली की तो तिथे मांडी घालून बसायचा आणि बोलायचा. आतून मला ऐकू यायचं.

"धाकट्या, आज ताईने तीनदा दूध ओकलं बरं का. तू बघतोस ना? लक्ष ठेव हं तिच्यावर. तिच्या अंगाला कुणी धक्का लावला तर सोडायचं नाही. कुणीही असो."

सासूबाई, इबू रुक्मी, आतून ओरडायच्या, "जेवून घे आधी, मग त्याला वकिली शिकव!"

आमचं घर तेव्हा असं होतं. हसतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दारातली फरशी पुसायला वाकले. टोपलीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यावरून आत आणि पाळण्याच्या पायापर्यंत एक ओली रेघ होती. अरुंद, वळणं घेतलेली. ओला दोर ओढत नेल्यावर उमटावी तशी. मी ती बोटांनी मापली. दीड सेंटिमीटर.

गोगलगाय, मी म्हटलं. मोठी असते आमच्याकडे. मग बोट नाकाशी नेलं. ज्या मीठपाण्यात औषध घालून आम्ही वार धुतो त्याला एक वास असतो, किंचित गोड आणि धातूसारखा. दहा वर्षं तो माझ्या नखांत आहे. आत्ताही नखांतलाच असणार, असं म्हणून मी फरशी पुसली आणि हात दोनदा साबणाने धुतले.

लारास झोपेत हसत होती. बाळ झोपेत हसलं की धाकट्याशी खेळतंय असं म्हणतात. इबू पाळण्याशी बसून तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

"नुसती बडबड चाललीय दोघांची," त्या म्हणाल्या.

४

आमच्या गल्लीत एक बोका होता, करडा-नारिंगी, सगळ्यांच्या माशांवर जगणारा. आठव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत असताना तो खिडकीतून आत गेलेला मला दिसला. हाकलायला धावले. मी दाराशी पोहोचेपर्यंत आतून एकच आवाज आला. बोक्याचा नव्हे. कापड कापताना होतो तो, जाड कापड, एका दमात.

बोका पाळण्याखाली होता. अर्धा. डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा कापलेला, डावी बाजू. आतडी बाहेर, अजून हलत होती. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं आणि पाळण्याच्या चादरीवर एक ठिपका नव्हता. लारास जागी होती. पाय झाडत होती, खुशीत.

उजवी बाजू मी शोधली. पलंगाखाली, मोरीत, खिडकीबाहेर. कुठेच नव्हती.

"घोरपड असणार," सेनो संध्याकाळी म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "नाल्यात मोठ्या आहेत."

"घोरपड फाडते, मास. कापत नाही."

"मग तूच सांग काय ते!"

कड मी पाहिली होती. थबकल्याची एकही खूण नव्हती. असा काप मला येतो, यायुकला कधीकधी येतो, आणि आमच्या ओळखीत तिसरं कुणी नाही. हे मी त्याला कसं सांगणार होते? घोरपडच, मी म्हटलं. इबूंनी भिंत घासली. बांग झाली आणि सेनो बाहेर जाऊन टोपलीशी बसला.

"धाकट्या, आज कुठे होतास रे? ताईपाशी केवढं जनावर आलं होतं!"

५

बाराव्या दिवशी यायुक आली. चुलतबहिणीच्या लग्नाहून थेट, नखं मेंदीने लाल केलेली, हातात केळ्यांचा घड.

"तुझी लेक बाटल्यांत काय माजलीय," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या लेकीचं ते. चार दिवसांत बाटल्या भरल्या. हार्तिनीबाई चक्क हसल्या. मी तारीख लिहून ठेवली."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. मी चहा ठेवायला वळले तेव्हा ती मागून, आवाज बदलून म्हणाली, "ऐक. तो एक्केचाळीसवाला आठवतो? तुकिरान. त्याचं पोर तिसऱ्या दिवशी गेलं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आला होता लॅबच्या दाराशी. हातात नवं मडकं. म्हणतो, काही उरलं असेल तर द्या, चिमूटभर असलं तरी चालेल. पोर मातीत एकटं आहे. भावंड बरोबर असतं तर भ्यायलं नसतं. अख्खा दिवस उन्हात उभा होता गं."

"काय सांगितलंस?"

"जाळलं म्हणून सांगितलं. काय सांगणार होते? की वेनिंगबाईंच्या दारात दिव्याखाली आहे?" तिने नाक ओढलं. "जाऊ दे. हिच्या पायात अजून रुग्णालयाची नावाची पट्टी काय ठेवलीयस? रुततेय बघ. कात्री कुठाय?"

"खिडकीत. थांब, मी येते."

मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते. तोच आवाज झाला, जाड कापडाचा. मग यायुक किंचाळली. तिचं किंचाळणं थांबत नव्हतं आणि त्यात लारास खिदळत असल्यासारखा एक बारीक आवाज मिसळला होता. बारा दिवसांचं मूल खिदळत नाही. मी धावले.

यायुक भिंतीला टेकून खाली बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत चिरला होता, मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधून. आतली बाजू, अंगठा आणि दोन बोटं, जागेवर. बाहेरची बाजू नव्हती. रक्त उडून तिच्या दातांवर आलं होतं. पट्टी लारासच्या पायात तशीच होती.

"कुणीतरी माझं मनगट धरलं," ती म्हणत होती. "ओलं होतं, वेनिंग. ओलं होतं."

मी मूठभर लंगोट दाबले, पट्टा बांधला, रिक्षात घातलं. बोटं मिळाली तर जोडता येतात, सहा तासांच्या आत. सेनोने आणि इबूंनी खोली उलटी केली. फरश्यांच्या फटी पाहिल्या, पाळणा उचलून पाहिला. मेंदीची दोन बोटं कुठेच नव्हती.

डॉक्टरांना आम्ही सांगितलं, टेबलपंख्यात हात गेला. त्याची जाळी तुटलेली होती. पंख्याची वायर गुंडाळून आठवडाभर कपाटावर पडली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी सांगितलं आणि तीन दिवस स्वतःलाही तेच सांगत राहिले.

६

तेहतिसाव्या दिवशी दुपारी इबू बाजारात गेल्या. परवाच्या समारंभाची भाजी आणायची होती. सेनो कामावर होता. मी लारासला पोटाशी बांधलं आणि खुरपं घेऊन टोपलीशी बसले. ठरवलं होतं की मडकं काढायचं, तुकिरानच्या हातात द्यायचं, पाया पडायचं. पुढे सेनो मला घराबाहेर काढेल तर काढेल.

माती ओली होती. वीतभर खाली मडक्याचं झाकण लागलं. हात लावला आणि मागे घेतला. मडकं कोमट होतं. सदतीस अंश. थर्मामीटर लागत नाही मला. दहा वर्षं त्याच तापमानात काम केलंय.

झाकण उचललं. फुलं, तांदूळ, सुई, मीठ सगळं तसंच होतं. पांढरं फडकंही होतं. फडक्याचा एक कोपरा मी वर केला, दोन बोटं आत जातील एवढाच.

अर्धं नव्हतं ते. गोल होत आलं होतं. कडेला करडे-नारिंगी केस मांसात मिसळले होते, जिथे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं तिथे निळे टाके होते. मी तीन घातले होते. अकरापर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना. तो धागा आमच्या घरात नाही. तो लॅबमधल्या कपाटात असतो आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मग ते फडक्याखाली सावकाश वर झालं आणि खाली गेलं. पोटाशी बांधलेली लारास त्याच लयीत श्वास घेत होती.

हे मी तुकिरानच्या हातात कसं देणार होते? माती ओढली, टोपली ठेवली, बल्ब सरळ केला. घरात येऊन हात धुतले. मग बसून विचार केला, एरवी प्रयोगाचे निकाल तपासताना करते तसा. बोक्याने नखं काढली असणार. यायुकच्या हातात कात्री होती. मी लंगोट बदलते, न्हाऊ घालते, छातीशी धरते, मला काही होत नाही, कारण या घरात मी अजून कात्री हातात घेतलेली नाही. ते फक्त सेनोचं ऐकतंय. तो सांगतो, सोडायचं नाही, तर ते सोडत नाही. आणि पस्तिसाव्या दिवशी बाळाची पहिली बट कापतात. कात्रीने. आईने.

७

"पुढे ढकलू या," मी इबूंना म्हटलं.

"पस्तिसावा दिवस छत्तिसाव्याला येतो का?" त्या खोबरं किसत होत्या. "सगळी गल्ली बोलावलीय. तुला कापायची भीती वाटते तर मी कापते. माझ्या पाच जणांच्या कापल्यात."

"मी कापेन ना," सेनो म्हणाला. "त्या यायुकमुळे घाबरलीय ती, इबू. राहू दे. बापाने कापली म्हणून काय बिघडतं?"

त्याचे हात मी बघत होते. त्या हातांनी त्याने कुणाचं तरी अर्धं धुतलं होतं, आणि मी कॉटवर पडून म्हशीचा विनोद केला होता. आता मला लाज वाटली. त्याला सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण सांगितलं असतं तर तो आधी टोपलीपाशी धावला असता, झाकण उचललं असतं. आणि त्याच्या हातात धारेचं खुरपं असतं.

"मीच कापणार," मी म्हटलं. "आई आहे मी."

पस्तिसाव्या दिवशी दुपारी बायका जमायच्या आधी मी दाराशी गेले आणि सेनो बसतो तिथे बसले. बल्ब उन्हात दिसत नव्हता.

"धाकट्या," मी म्हटलं. पहिल्यांदाच. "तू तिचा नाहीस. तुझं भावंड, भाऊ का बहीण जे होतं, ते मातीत आहे, आणि तू इथे आलास ते माझ्यामुळे. यायुकने नाही, सेनोने नाही. कापलं मी. शिवलं पण मीच. आज मी कात्री धरणार आहे. जे करायचं ते माझं कर. सेनोला, इबूंना हात लावू नकोस. आणि तिला तर नाहीच."

टोपलीखालून काही आवाज आला नाही. समोरची बाई केळीच्या पानांची चळत घेऊन येत होती. "मंत्र म्हणतेस का गं?" तिने विचारलं.

"हिशोबाचं बोलत होते," मी म्हटलं आणि उठले.

८

चार वाजता बायका बसल्या. लाल-पांढरी खीर वाटून झाली. इबूंनी तबकात फुलांचं पाणी आणि नवी कात्री आणली.

"आधी पाजते तिला. भुकेली आहे," मी म्हटलं. तबक घेऊन खोलीत गेले आणि कडी लावली.

बाहेर इबू म्हणत होत्या, "पाजायला कात्री कशाला लागते हिला?" आणि बायका हसत होत्या.

लारास पाळण्यात जागी होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर कुठेतरी बघत होती. मी कात्री उचलली. कपाळावरची एक मऊ बट दोन बोटांत धरली आणि कापली. काही झालं नाही. बट तबकात पडली, पाण्यावर तरंगली. मी श्वास सोडला. वेडी आहेस तू वेनिंग, मी स्वतःला म्हटलं, दहा वर्षं विज्ञान केलंस आणि खड्ड्याशी गप्पा मारतेस.

पाळणा डुलू लागला.

पाळण्याच्या पलीकडच्या कडेवर दोन बोटं होती. नखं मेंदीची, लाल, आता वरून विटलेली. ती कड धरून पाळणा हलवत होती. सावकाश, बाळाचा डोळा लागावा इतक्या बेताने.

माझ्या उजव्या मनगटाभोवती गार, ओलं काहीतरी आलं. दोन वेढे. पीळ असलेलं, आत तीन नळ्या. नाळ. मी डोळे मिटून ओळखली असती. त्याने हात खाली ओढला, पाळण्यापासून लांब, आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतली. ओढाताण नव्हती. मुलाच्या हातातून काढून घेतो तशी.

कडेपासून मध्यापर्यंत. एका दमात.

मी कापडासारखं काही तोंडात कोंबलं, काय ते आठवत नाही. ओरडले असते तर सेनोने दार फोडलं असतं. हाड चिरताना आवाज दातांत ऐकू येतो. रक्त माझ्या पायांवर, जमिनीवर, भिंतीवर जिथे बोक्याचं होतं तिथेच उडालं. मी गुडघ्यांवर पडले. पाळण्याखालच्या अंधारात काहीतरी रुंद, सपाट, जवळजवळ गोल माझ्या हातावर वाकलं होतं, आणि त्याला घाई झालेली होती. एक बारीक टोचणी. आणखी एक. आणखी एक.

मग कुणीतरी दार ठोठावलं आणि लारास झोपेत हसली.

९

शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर दुसऱ्या दिवशी माझ्या कॉटशी उभा राहिला. त्याने सेनोला विचारलं, "हे टाके कुणी घातले?"

"कुठले टाके?"

"अर्धा हात नाही, पण कड आत दुमडून शिवलीय. निळा धागा, तीन टाके. त्यामुळे तर जगल्या या. घाईचे आहेत, पण सरळ आहेत. वरून बघितलं तर कळतसुद्धा नाही की काही गेलंय."

सेनोने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी त्याला सगळं सांगितलं. संध्याकाळी तुकिरानला घेऊन त्याने दाराशी खणलं. मडक्यात फुलं होती, मीठ होतं, सुई होती, घडी घातलेलं फडकं होतं, फडक्यात काही नव्हतं. तुकिरान ते रिकामं मडकं घेऊन गेला, मान खाली घालून, इकडे तिकडे न बघता. बल्ब सेनोने काढून ठेवला.

मी आठ दिवसांनी घरी आले. टोपली जागेवर होती आणि बल्ब जळत होता. इबूंनी लावला असेल म्हणून मी विचारलं नाही. इबूंनी मला विचारलं नाही.

दुपारची वेळ होती. सगळे आपापल्या कामात होते. छाती दुधाने ठणकत होती आणि मला फक्त माझी मुलगी हवी होती, बाकी काही नको होतं. मी खोलीच्या दाराशी आले. लारास झोपली होती, गुबगुबीत झाली होती, पाळणा बेताने डुलत होता. पलीकडच्या कडेवर बोटं होती. चार. दोन लाल नखांची. दुसऱ्या दोन बोटांतल्या एकात माझी लग्नाची अंगठी होती. आमच्यात ती उजव्या हातात घालतात.

मी एक पाऊल आत टाकलं. पाळणा थांबला.

मी मागे झाले. तो पुन्हा हलू लागला. आज लारास पाच महिन्यांची आहे. इबू तिला उचलतात, सेनो उचलतो, यायुकसुद्धा परवा डाव्या हाताने उचलून गेली. मी दूध काढून बाटलीत भरते आणि ती बाटली उंबऱ्यावर ठेवते.